धामणीचा पट

अंजनाच्या हाती मोटारसायकल आली ती हौसेनं नाही, दुधापायी. केज तालुक्यातल्या दूध संघाचा टेम्पो डांबरी सडकेपर्यंतच यायचा. आतल्या वस्त्यांवरचं दूध तिथवर आणून द्यायचं काम तिनं धरलं. जुनी आरएक्स, दोन्ही अंगांना भरलेले कॅन आणि खाली नुसती खडी. टेम्पो चुकला की उन्हात दूध नासणार आणि संघ ते परत पाठवणार. काही वर्षं अशी गाडी हाकल्यावर रिकामी गाडी तिला पिसासारखी वाटायला लागली, यात नवल नव्हतं.

आष्टीच्या पुढं, नगरकडच्या अंगाला, एका जुन्या धावपट्टीवर मोटारसायकलींची ड्रॅग रेस भरते असं तिला टेम्पोवाल्याकडून कळलं. वळणं नाहीत, फेऱ्या नाहीत. पाव मैलाची सरळ पट्टी आणि शेजारीशेजारी दोन गाड्या. पिवळे दिवे लागतात, मग हिरवा. जो आधी रेषेपार जाईल तो जिंकला. ती वडलांना घेऊन गेली. नावं लिहून घेणारा माणूस तिच्याकडं बघून म्हणाला, "ताई, बायकांचा वेगळा गट नाही."

"मग पुरुषांच्यात घाला," ती म्हणाली.

त्या पट्टीवर उतरलेली ती पहिलीच बाई. पहिल्या वर्षी लोक हसले. दुसऱ्या वर्षी हसले नाहीत. तिसऱ्या वर्षी ती फायनलला गेली, आणि पुढं असून हरली. रेषा डोळ्यांसमोर असताना, तिच्या अलीकडेच, ॲक्सिलरेटरवरची उजव्या हाताची मूठ सैल पडली. शेजारचा अर्ध्या चाकानं निघून गेला.

"भ्यालीस का?" परत येताना वडलांनी विचारलं.

"न्हाई आबा. हात आपला आपणच सुटतो. मला कळतबी न्हाई."

 तिचे वडील गहिनीनाथ सहकारी साखर कारखान्यात फिटर होते. यंत्राचं काय बिघडलं ते त्यांना सांगता आलं असतं. हाताचं त्यांना काय कळणार?

मग दुसरा दुष्काळ आला. पहिल्याच्या पाठीवरच आला, मधे श्वास घ्यायला जागा न ठेवता. ऊस नव्हता म्हणून कारखान्यानं गाळप केलं नाही. चिमणी गार पडली आणि तिच्या कडेवर पारवे बसू लागले. जनावरं चारा छावणीत गेली, संघाचे कॅन पालथे पडले. बापाला काम नाही आणि लेकीलाही नाही, असं ते घर झालं. कारखान्याचे चेअरमन अर्जुनराव एक दिवस स्वतः आले आणि वर्कशॉपची किल्ली गहिनीनाथांच्या हातावर ठेवून म्हणाले, "बसून तरी काय करताव? पोरीची गाडी बांधा. कारखाना चालंना, पोरगी तरी पळू द्या."

गाडी बांधून झाली. पण पळवायची कुठं? सडकेवर पाण्याच्या टँकरांची रांग. शेवटी जागा दिली ती धरणानं.

पाणी तळाला गेलं तसा गाळातून एक रस्ता वर आला. जुन्या धामणीचा. धरण झालं तेव्हा धामणी पाण्याखाली गेली आणि माणसं वर माळावर नव्या धामणीत येऊन राहिली. रस्ता मात्र खालीच राहिला होता. दोन्ही बाजूंना भेगाळलेला काळा गाळ, त्यात पांढरे शिंपले, मारुतीच्या देवळाचा नुसता चौथरा, आणि मधून दोरी धरून आखल्यासारखं डांबर. डांबराच्या डाव्या अंगाला तितकीच सरळ, तितकीच रुंद मातीची एक पट्टी होती. ती कशाची असेल, हे दोघांनाही उमगलं नाही. रस्ता आणि पट्टी दोन्ही नदीच्या जुन्या पात्रापाशी संपत. तिथला पूल केव्हाच पडला होता. काठ एकदम तुटून खाली दोन पुरुष खोल खडक होता. गहिनीनाथांनी पुष्कळ अलीकडं चुन्यानं शर्यतीची रेषा ओढली. पुढं थांबायला ऐसपैस जागा ठेवली. मगच तिला गाडी चालू करू दिली.

पहिल्या काही दिवसांत काही घडलं नाही. गाडी छान चालत होती. आणि रेषा जवळ आली की मूठ सैल पडत होती.

मग एका दुपारी इंजिनाच्या आवाजाखालून तिला दुसरा आवाज ऐकू आला. बारीक, घाईचा. घुंगरांसारखा.

तिनं थांबून चेन बघितली. गहिनीनाथांनी चेनकव्हर काढून ठेवलं, नट आवळले, हेल्मेटचा पट्टा चिकटपट्टीनं बांधला. दुसऱ्या दिवशी आवाज होताच. तो गाडीतून येत नव्हता. तो डावीकडून येत होता.

अंजना भित्री नव्हती आणि भाबडीही नव्हती. रिकाम्या धरणात आवाज घुमतो, असं तिनं स्वतःला सांगितलं. पण घुमणारा आवाज मागून येतो. हा तिच्याबरोबर निघायचा, बरोबरीनं पळायचा, आणि तिची मूठ सैल पडली की पुढं जायचा. हेल्मेटच्या आत, एवढ्या वेगात, तिला ते स्पष्ट कळायचं: आपण मागं राहिलो.

आणखी एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. रेषा ओलांडली तरी तो आवाज मंदावत नव्हता. तसाच नदीकडं जायचा.

मागं राहणं तिला सोसत नव्हतं. तिनं मूठ धरून ठेवली. दुसऱ्या दिवशी आणखी धरली. गहिनीनाथ सुरुवातीच्या टोकाला उभे राहून उपरणं खाली टाकायचे, घड्याळ बघायचे आणि खूश व्हायचे. जे कुणाला शिकवता आलं नसतं ते पोरगी आपसूक शिकत होती.

"हात सुटंना आता," ते म्हणाले. "कशानं झालं गं हे?"

"कुणीतरी संगं पळतंय असं धरून चालते," अंजना म्हणाली. हे खोटं नव्हतं.

त्या गाळात वच्छलाबाई शेळ्या घेऊन यायची. जुन्या धामणीत नांदलेली, आता पार थकलेली बाई. वरच्या माळावरच्या बाभळीच्या शेंगा काठीनं पाडून आणायची आणि देवळाच्या चौथऱ्यावर बसून या बापलेकीची गंमत बघायची. एकदा पाणी प्यायला अंजना तिच्याजवळ जाऊन बसली.

"मावशी, ही मातीची पट्टी कशाची हाय?"

"पटाची. शंकरपट व्हायचा ना हितं. बैलजोडी आन् छकडी. नाकासमोर पळायचं, नदीच्या अल्याड थांबायचं. लांबलांबून जोड्या यायच्या. लई माणूस जमायचं."

"मग बंद कावून पडला? धरणामुळं?"

"धरण मागून आलं." वच्छलाबाईनं एका शेळीला उगाच हाकललं. "त्या साली नदीच्या काठावरनं जोडी तेवढी म्हागारी आली. हाकणारी न्हाई आली."

अंजनानं बाटली खाली ठेवली. "हाकणारी? बाई व्हती?"

"हाकणारा म्हणले मी."

"तुमी हाकणारी म्हणलात, मावशी."

 म्हातारी गुडघ्यावर हात टेकून उठली. "बैलाला म्हागारी फिरायचं ध्यान असतंय, माय," ती म्हणाली. "तुझ्या लोखंडाला न्हाई."

त्याच संध्याकाळी गहिनीनाथ अंजनाला हाताला धरून रेषेच्या पुढं घेऊन गेले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"ब्रेक कुठं दाबतीस तू?"

"रेषा पार झाली की लगीच."

"हे बघ मग."

डांबरावर तिच्या टायरचे काळे ओरखडे होते. रोजचा एक. पहिला रेषेला लागूनच. त्यापुढचा थोडा पुढं. मग आणखी पुढं. जिन्याच्या पायऱ्यांसारखे ते एकामागून एक नदीकडं उतरत गेले होते. शेवटचा जिथं संपत होता तिथून तुटका काठ दिसत होता, आणि काठाखालचा खडकही दिसत होता.

अंजना बघत राहिली. दर वेळी तिनं रेषेपाशीच ब्रेक दाबला होता. तिला तसंच आठवत होतं.

"आता बास झालं," गहिनीनाथ म्हणाले.

"उंद्या एकदाच, आबा. परवा तर शर्यतीला निघायचंच हाय. उंद्या मी रेषेवरच थांबती का न्हाई बघा."

त्यांनी नको म्हणायला हवं होतं. पण गेल्या खेपेला अर्ध्या चाकानं हरलेली पोर त्यांनी बघितली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी काठाच्या अलीकडं दगडांची रांग लावली, त्यावर लाल फडकं बांधलं आणि सुरुवातीच्या टोकाला येऊन उभे राहिले.

ऊन कलतं होतं. वारा नव्हता. वच्छलाबाईच्या शेळ्या दूर देवळापाशी होत्या.

उपरणं पडलं.

गाडी उसळून निघाली, आणि तिच्याबरोबर घुंगरंही. आज ती इतकी जवळ होती की डाव्या कोपराला लागतील असं अंजनाला वाटलं. खुरांचा आवाज होता. बैलांच्या नाकपुड्यांचा होता. ती तिकडं बघणार नव्हती. तिनं गिअर टाकला. गाडी बरोबरीला आली. आणखी एक गिअर. आज पहिल्यांदाच घुंगरं मागं पडू लागली.

पांढरी रेषा चाकाखालून गेली.

आता थांबायचं, असं तिनं मनाशी म्हटलं. हात ऐकेना. मूठ जशीच्या तशी.

लाल फडकं मोठं झालं.

घुंगरं पुन्हा बरोबरीला आली.

आणि हेल्मेटच्या आत, कानाला लागून, एका बाईचा आवाज आला. ओरडणं नव्हतं. दिवसभराच्या कामानंतर बैलाला थांबवावं तसा शांत, दमलेला.

"हो... हो माझ्या राजा, हो..."

तिचा हात सुटला. पाय ब्रेकवर गेला. मागचं चाक आडवं फिरलं, दगड उडाले, गाडी तिरकी घसरत गेली आणि उभी राहिली.

पुढचं चाक काठावर होतं. त्याखालची माती सुटून पडली. खडकावर आपटल्याचा आवाज जरा वेळानं आला.

घुंगरं थांबली नव्हती. ती काठावरून पुढं गेली, आणि एकाएकी नव्हतीच.

त्या साली अंजनानं धावपट्टीवर फायनल जिंकली. पुढंही पुष्कळ शर्यती जिंकल्या, परराज्यांत जाऊन जिंकल्या. तिचं नाव झालं, बीडला सत्कार झाला. पाऊस परतला तसं धरण भरलं आणि धामणीचा रस्ता पुन्हा पाण्याखाली गेला. दूध संघाच्या आवारात ती आता पोरींना गाडी शिकवते. मूठ पिळायला कुणीही शिकवील, सोडायची कधी ते शिका, असं त्यांना सांगते. पेपरवाले ते वाक्य छापतात. त्या दुपारी ती अगदी काठावर थांबली, इथपर्यंतही ती कधीकधी सांगते.

त्यापुढचं सांगत नाही.

गहिनीनाथ धापा टाकत आले तेव्हा ती गाडीला धरून उभी होती. दोघांनी मिळून गाडी मागं ओढली.  मग गहिनीनाथांची नजर डावीकडं, पटाच्या मातीकडं गेली आणि ते तिथंच थबकले.

शेळ्या देवळापासून पळत आल्या होत्या. एरवी हाकलून न हलणाऱ्या, तहानेनं जिभा बाहेर आलेल्या शेळ्या. वच्छलाबाई त्यांना माघारी बोलावत नव्हती. ती लांबच उभी होती, तोंडात पदर धरून.

गहिनीनाथ वाकले आणि त्यांनी मातीला हात लावला. मग हात अंजनापुढं धरला. बोटं ओली होती. गार पाणी, शेवाळाच्या वासाचं.

कोसभर कुठं पाण्याचा टिपूस नव्हता. आणि त्या भेगाळलेल्या पट्टीवर शेळ्या दोन सरळ रांगा करून उभ्या होत्या, दोन रांगांत एका छकडीच्या दोन चाकांमधल्याएवढं अंतर ठेवून, आणि माना खाली घालून माती चाटत चाटत काठाकडं सरकत होत्या.