अंगठ्यावरची शाई

त्या दुपारी मी फक्त हातमोज्यांची नवी जोडी आणायला तपासणीच्या खोलीत गेलो होतो. हसू नका, वापरायचो मी मोजे. साहेब बघत असले की.

आमचं काम सांगतो, चौथी नापासाला कळलं तेवढं. लोखंडी पेटीत प्लास्टिकच्या काचा ठेवायच्या, हवा ओढून घ्यायची, चिमूटभर गॅस सोडायचा, वीज लावायची. आत जांभळा उजेड पेटतो. त्याला म्हणतात प्लाझ्मा. चार मिनिटांत काच दिसायला तीच, पण तिची कातडी बदललेली. आधी पाण्याचा थेंब तिच्यावर गोल उभा राहून घरंगळायचा, आता पसरतो. पाणी पसरलं की गोंदही धरतो. मात्र नंतर उघडं बोट लावायचं नाही. बोटाचं तेल लागलं, की तिथे गोंद सुटलाच.

थेंब टाकून बघणारी एक पोरगी होती. मी तिला थेंबवाली म्हणायचो. तिची गंमत करायला एखाद्या काचेवर हळूच अंगठा उमटवायचो. पाणी सगळीकडे पसरायचं, अंगठ्याएवढी जागा सोडून. ती मान वर न करता म्हणायची, "काका, तुमचा अंगठा." काच बाजूला ठेवायची आणि गालात हसायची.

एक काच तिच्या नजरेतून सुटली. तोंड वाचवायच्या मुखवट्यात बसली, सांधा उकलला, आम्ल आत शिरलं, आम्लखात्यातल्या एकाचा डोळा गेला. काचेवर ठसा सापडला. तो तिचाच, असं सगळ्यांनी धरलं; जुळवून कोण बघतो?

"मी मोज्याशिवाय हात लावला नाही," एवढंच ती म्हणत राहिली. एकदा माझ्याकडे बघितलं. माझं नाव घेतलं नाही. मी खाली वाकून बुटाची नाडी बांधत बसलो... आधीच बांधलेली.

तिला काढलं. वर्षाच्या आत झुरून गेली.

तर त्या दुपारी खोली रिकामी होती. मोजे उचलले आणि मागे आवाज आला... टप्. वळलो. टेबलावरच्या काचेवर पाणी पसरत होतं. वर कुणाचा हात नव्हता. पुन्हा... टप्. आणि कानाशी, अगदी हळू, "काका... तुमचा अंगठा..."

तसाच साहेबांकडे गेलो, सगळं ओकलो.

"काका, मेलेल्या पोरीवरून तरी थट्टा नको."

"या वेळी खरंच सांगतोय, साहेब."

"जन्मभर हेच म्हणत आलात." तरी त्यांनी कपाटातून ठशाची ती काच काढली. "द्या ठसा. जुळला, तर तिच्या आईला आजच लिहून देतो, की दोष पोरीचा नव्हता."

शाईच्या गादीवर अंगठा दाबला, उचलला. शाई त्यावर थेंबाथेंबाने उभी राहिली... आणि घरंगळून टेबलावर पडली. कागद कोरा. पुन्हा दाबला. कोरा. शेजारची बोटं मात्र काळीभोर.

"काय फासून आलात अंगठ्याला?" साहेबांनी काच परत आत टाकली. "शरम नाही वाटत?"

वाटते. तिच्या आईच्या दारापर्यंत रोज जातो, कडी न वाजवता परततो.

हात धुताना नऊच बोटं भिजायची. कालपासून आठ भिजतात.