अकरा मिनिटांची स्मृती

मतदानाचा निकाल हातात आला तेव्हा स्मृतिरोपण प्रयोगशाळेच्या संचालक डॉ. इरावती गोडांबे यांनी तो दोनदा वाचला. कालपर्यंत महासंघाच्या युद्धमंडळातले नऊपैकी सहा मंत्री शेजारच्या सरोवर प्रजासत्ताकावर हल्ला करायच्या विरोधात होते. आज नऊच्या नऊ मतं हल्ल्याच्या बाजूने पडली होती. मधल्या वेळात एकच गोष्ट घडली होती. कायद्याप्रमाणे प्रत्येक मंत्र्याच्या मेंदूत एका युद्धग्रस्त बाईंची स्मृती रोपली गेली होती.

हा कायदा इरावतींनीच सोळा वर्षं भांडून करून घेतला होता. युद्ध ठरवणाऱ्यांनी आधी ते सोसावं आणि मग हात वर करावा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. कायदा पहिल्यांदाच वापरला गेला आणि उलटंच झालं.

स्मृतीत कोणीतरी ढवळाढवळ केली असणार. ती निवडायचं काम त्यांचे सहकारी यशोधन कुरणे यांच्याकडे होतं, आणि गेल्या महिन्यात ते दोनदा संरक्षणमंत्र्यांना भेटून आले होते. इरावतींनी त्यांना बोलावून घेतलं. मंत्र्यांना प्रक्रिया समजावायला गेलो होतो, स्मृतीला हातही लावलेला नाही, असं कुरणे शांतपणे म्हणाले. तो शांतपणाच इरावतींना खटकला. पण रोपलेली स्मृती मेंदू स्वतःचीच मानतो. ती बाहेरून तपासणारं यंत्र अस्तित्वात नव्हतं.

मग त्यांनी स्मृती देणाऱ्या बाईंनाच गाडी पाठवून आणवलं. सुलभा केणी, निवृत्त शिक्षिका. एकतीस वर्षांपूर्वी सीमेवरच्या त्यांच्या शाळेवर पलीकडून बाँब पडले होते. मंत्र्यांना दिली ती त्या सकाळची अकरा मिनिटं. युद्ध व्हावं का, असं विचारल्यावर बाई चपापल्या. सुरुवातीची काही वर्षं सुडाशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं, त्या म्हणाल्या. पुढे निर्वासितांच्या छावणीत पलीकडच्याच मुलांना शिकवायची वेळ आली, त्यांच्या आयांबरोबर जेवणं झाली. आता युद्ध नको.

इरावतींचा संशय पक्का झाला. जिची स्मृती, तिलाच युद्ध नको होतं. स्मृती शुद्ध असल्याच्या दाखल्यावर पाचपर्यंत इरावतींची सही झाली नाही, तर मतदान रद्द होणार होतं. सही नाकारायला मात्र पुरावा हवा होता. त्या रोपणाच्या खुर्चीत जाऊन बसल्या.

"घेऊ नका," कुरणे म्हणाले.

"का? मला काय सापडेल?"

"काहीच सापडणार नाही. म्हणूनच."

स्मृती सुरू झाली. विमानांचा आवाज आधी ऐकू आला होता. जातील निघून, असं वाटून त्यांनी फळ्यावरचं गणित पुरं केलं. मग छत खाली आलं. विटांखालून एक छोटा हात बाहेर आला होता, त्यांनी तो धरला. हात गार पडत गेला. अकरा मिनिटं तिथेच संपली.

इरावतींनी डोळे उघडले तेव्हा चार वाजून गेले होते. स्मृतीत कुठेही जोड नव्हता. सगळं खरं होतं.

सुलभाबाईंनी कुरण्यांना विचारलं, "एवढंच दिलंत त्यांना? पुढची एकतीस वर्षं?"

यंत्रात त्याहून जास्त मावत नाही, कुरणे म्हणाले.

"मग तसं लिहा, ताई," बाई इरावतींना म्हणाल्या. "स्मृती अपुरी आहे, असं लिहा. सही करू नका."

बाईंचं म्हणणं इरावतींना पूर्ण समजलं. कायदा कुठे चुकला तेही समजलं. पण विमानं आधी ऐकू आली होती. वेळ होता, आणि कोणी काही केलं नव्हतं. तो हात धरलेली बाई त्या लोकांबरोबर जेवूच कशी शकते? हिला कोणी फितवलं असेल?

त्यांनी दाखल्यावर 'शुद्ध' असं लिहून सही केली. मग युद्धमंडळाच्या सचिवांना फोन लावला आणि हल्ला कधी ते विचारलं. परवा पहाटे, असं उत्तर आलं.

"परवा कशाला?" इरावती म्हणाल्या. "आज का नाही?"