आग्रहाचा तास

स्वयंपाकघरातल्या नळानं आधी घसा खाकरला, मग दोन उचक्या दिल्या आणि रिकाम्या बादलीत धाडधाड पाणी पडू लागलं. पुढच्या खोलीतली शांतता मोडली ती अशी.

ती शांतता काही साधीसुधी नव्हती. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या त्या खोलीत रोज संध्याकाळी शांभवीचा इंग्रजी बोलण्याचा क्लास भरायचा, आणि बोलणं सोडून बाकी सगळं व्हायचं. खानावळ चालवणाऱ्या चिमणाबाई, गॅरेजवाले आकाराममामा, शेजारच्या दोघी सुना आणि खिडकीजवळ, नातीला मांडीवर घेऊन, शांभवीची सासू गंगव्वा. एरवी यांतला एकेक जण या चौकातून हाक मारली तर त्या चौकातला माणूस वळून बघेल असा. पण शांभवीनं ‘आता इंग्रजीत’ म्हटलं, की सगळे देवळात बसल्यासारखे खाली माना घालायचे.

क्लासात जे हवं ते इंग्रजीतच मागायचं, असा नियम होता. बादली भरत आली, सगळ्यांचे कान तिकडं लागले. पण उठायचं म्हणजे विचारणं आलं, आणि विचारायचं कुणी? शांभवीही हट्टाला पेटली होती. वाहू दे पाणी, पण आज कुणीतरी तोंड उघडू दे.

तोंड उघडलं ते भलत्यानंच. मावशीला, म्हणजे चिमणाबाईंना, मोटारसायकलवरून सोडायला आलेला एक उंच तरुण हातात हेल्मेट घेऊन दारात घुटमळत होता. पाण्याचा आवाज बदलल्याचं त्याला कळलं. त्यानं खोलीभर नजर फिरवली, फळ्यावरची इंग्रजी वाक्यं बघितली आणि अख्ख्या पेठेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

“मॅडम... बकेट फुल! पाणी गोइंग!”

खोली खदखदून हसली. गंगव्वा नातीला खाली ठेवून नळाकडं धावली. शांभवीही हसली – पदर तोंडाशी धरायचं विसरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. तिचा नवरा सोमेश गेल्यापासून, म्हणजे लेक शिवन्या रांगत होती तेव्हापासून, ती असं हसली नव्हती. हे तिला नंतर जाणवलं. त्या तरुणाला मात्र तेव्हाच दिसलं असावं, कारण जायचं सोडून तो तसाच बघत उभा राहिला.

“पावणं, आत या की,” गंगव्वा आतूनच म्हणाली. “दारात हुबं ऱ्हाऊन इंग्रजी येत न्हाई.”

तो आत आला.

त्याचं नाव उदयसिंह. गाव कोडोली, नोकरी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कारखान्यात. दीड वर्षासाठी जर्मनीतल्या कारखान्यात एक माणूस पाठवायचा होता, आणि दिवाळीनंतर तिकडचे दोन साहेब कॉम्प्युटरवरून मुलाखत घेणार होते. मशिनचा नुसता आवाज ऐकून बिघाड सांगणाऱ्या या गड्याला ‘टेल अस अबाउट युवरसेल्फ’ म्हटलं की घाम फुटायचा. तेवढं एक जमवून द्या, असं त्यानं शांभवीला सांगितलं. तिनं मान हलवली. जमेल की.

दुसऱ्या दिवशी तिनं पुस्तक कपाटात ठेवलं ते कायमचंच. मोडकंतोडकं का असेना, ‘बकेट फुल’ त्याच्या पोटातून आलं होतं; गरज होती म्हणून आलं होतं. मग ती क्लासला घेऊन भाजी मंडईत गेली आणि वांग्यांचा भाव इंग्रजीत पाडायला लावला. रंकाळ्यावर जोड्यांना पाठीला पाठ लावून बसवलं; एकानं समोरचं दृश्य सांगायचं, दुसऱ्यानं ते न बघता काढायचं. आकाराममामांनी सांगितलेली म्हैस चिमणाबाईंच्या कागदावर टेबल झाली, तेव्हा फिरायला आलेली माणसंसुद्धा थांबून हसली.

पण खरी गंमत झाली दसऱ्याच्या सुमारास. चिमणाबाईंनी धपाटे आणले होते आणि त्या आकाराममामांच्या मागंच लागल्या. घ्या की. नको की. अहो, घ्या की, म्या केल्यात. शांभवीनं टाळी वाजवली आणि म्हणाली, हेच आता इंग्रजीत.

असा आग्रहाचा तास सुरू झाला. वाढणाऱ्यानं दर वेळी नवं कारण देऊन आग्रह करायचा, नको म्हणणाऱ्यानं दर वेळी नवी सबब सांगायची. ज्याचे शब्द संपले तो हरला. पाहुणा हरला तर त्यानं खायचं, वाढणारा हरला तर त्यानं भांडी घासायची. पंच गंगव्वा. घरच्या धपाट्याला कुणी नको म्हणतंय हे कोल्हापूरच्या माणसाला सोसवत नाही, मग भाषा कुठलीही असो. चिमणाबाईंचा गळा खाडकन मोकळा झाला. मामा म्हणाले, डॉक्टर नो सेज. त्यावर चिमणाबाई म्हणाल्या, कॉल डॉक्टर, ही आल्सो ईट. त्या दिवशी शेजाऱ्यांनी खिडक्यांतून डोकावून पाहिलं, भांडण कुठं लागलंय म्हणून.

एकदा पाळी शांभवी आणि उदयसिंहची आली. ती पाहुणी, तो यजमान. ती म्हणाली पोट भरलंय. तो म्हणाला जागा करा. ती म्हणाली दात दुखतोय. तो म्हणाला दुसऱ्या बाजूनं चावा. मग त्यानं ताट जरा पुढं सरकवलं आणि आवाज खाली आणला...

“युवर हँड इज व्हेरी थिन, मॅडम. चॉक इज हेवी.”

शांभवीनं आपल्या हाताकडं बघितलं. मग त्याच्याकडं. पुढची सबब तयार होती – अगदी जिभेच्या टोकावर – आणि ती कुठं गेली कुणास ठाऊक.

“टीचर लॉस्ट,” गंगव्वानं निकाल दिला. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. शांभवी खाली मान घालून धपाटा खात राहिली, आणि उदयसिंहनं तिच्याकडं न बघता तिच्या पेल्यात पाणी ओतलं.

त्यानंतर तिची पंचाईत झाली. तो रोज थोडा सुधारत होता. आज एक वाक्य न अडखळता, उद्या दोन. ती शिकवत होती, आणि जितकं नीट शिकवत होती तितका तो इथून लांब जात होता. एका संध्याकाळी त्याचं उत्तर साफ चुकलं आणि तिनं ते तसंच जाऊ दिलं. नापास झाला तर काय बिघडलं... इथंच तर राहील. पण तो पायात चपला सरकवत होता तेवढ्यात तिला स्वतःचीच लाज वाटली. तिनं त्याला परत बसवलं आणि तेच उत्तर जमेपर्यंत घोटून घेतलं. परतीचा पाऊस बाहेर कौलांवर ताशा वाजवत होता. आज लईच कडक, मॅडम, असं तो म्हणाला.

दिवाळी झाली. मुलाखत झाली. तो पेढे घेऊनच क्लासात शिरला तेव्हा शांभवीला विचारावंच लागलं नाही. साहेब म्हणाले होते, मुलाखतीला बसलेल्या पुण्याच्या पोराचं इंग्रजी तुझ्यापेक्षा चांगलं आहे. मग काय सांगितलंस, असं सगळ्यांनी एकदम विचारलं.

“मग म्या आग्रहच धरला की,” उदयसिंह म्हणाला. “त्यांची एक सबब, माझं एक कारण. शेवटी त्यांचं शब्द संपलं.”

आकाराममामांनी त्याला मिठी मारली. शांभवीनं ‘काँग्रॅच्युलेशन्स’ म्हटलं. मराठीत म्हटलं असतं तर आवाजानं दगा दिला असता.

जायच्या आधीच्या शेवटच्या तासाला त्यानं एक डाव मागितला. जोडीदार म्हणून मॅडमच हव्यात, म्हणाला. शांभवी समोर बसली. मध्ये ताट होतं, पण त्यात काहीच नव्हतं. वाढणार काय, असं तिनं इंग्रजीत विचारलं.

उदयसिंहनं गुडघ्यांवर हात घट्ट दाबले.

“प्लीज... मॅरी मी.”

शेजारची सून पेन चावायची थांबली. आकाराममामांना वाटलं नवा खेळ आहे, ते ओरडले, “मॅडम, सबब, सबब!”

“आय हॅव अ डॉटर,” शांभवी म्हणाली. खेळ तर खेळ.

“आय नो. शी बीट्स मी इन कॅरम.”

“यू आर गोइंग.”

“आय ॲम कमिंग बॅक.”

“पीपल विल टॉक.”

“इन इंग्लिश? व्हेरी गुड. यू टॉट देम.”

हसू तिच्या ओठांपर्यंत आलं आणि तिथंच थांबलं. तिनं ताट बाजूला सारलं.

“उदयसिंह,” ती मराठीत म्हणाली, “या खोलीत सगळं नाटक असतं. परवा इथंच तुम्ही मामांचे घरमालक होतात, आणि मामांना सामानासकट बाहेर काढलंत. मला नाटक परवडायचं नाही. खरं असेल तर आपल्या भाषेत सांगा.”

इंग्रजीत धडाधड बोललेला तो माणूस कानापर्यंत लाल झाला. त्यानं मावशीकडं बघितलं, छताकडं बघितलं. परक्या भाषेच्या आडोशानं जे सुचलं होतं, त्यासाठी तो आता मराठी शब्द जुळवू लागला.

“लगीन करूया की,” तो शेवटी म्हणाला. मग हळू, एकेक शब्द तपासत, “मी कुणाच्या जागंवर बसाय आलो न्हाय, मॅडम. तुमच्या शेजारी जागा असंल... तर तेवढं सांगा.”

शांभवीनं गंगव्वाकडं बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. ती सोमेशची आई होती. तिनं चष्मा काढला, लुगड्याच्या पदरानं पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. मग पंचाला शोभेल अशा ताठ मानेनं उभी राहिली.

“एक्स्क्यूज फिनिश,” ती म्हणाली. “टीचर लॉस्ट.”

आणि सुनेजवळ येऊन, तिच्या डोक्यावर हात ठेवत, फक्त तिलाच ऐकू जाईल असं घरच्या कानडीत म्हणाली, “ऊटा माड, मगळे.” जेव, पोरी.

शांभवी रडली की हसली हे सांगणं अवघड. तिचं ‘हो’ कुणाला ऐकूच आलं नाही, कारण चिमणाबाईंनी तोवर मराठी, इंग्रजी सगळं एकत्र करून अशी आरोळी ठोकली होती की समोरच्या दुकानदारानं शटर अर्ध्यावर सोडून धाव घेतली. मामा ज्याच्या त्याच्याशी हात मिळवत सुटले. उदयसिंह मात्र रिकामं ताट हातात घेऊन उभा होता, आणि ते खाली ठेवायचं त्याला सुचत नव्हतं. शांभवीनं ते त्याच्या हातातून घेतलं. घेताना बोटं बोटांना लागली, आणि तिनं ती लगेच काढून घेतली नाहीत.

तेवढ्यात तिच्या पदराला खालून झटका बसला. शिवन्या उभी होती. मोठ्यांच्या गोंधळात बराच वेळ तिचा विचार चालू होता, हे तिच्या कपाळावरच्या आठ्यांवरून दिसत होतं.

“मम्मी, पप्पा तर फोटोत आहेत ना? मग ह्यांना मी काय म्हणायचं?”

शांभवीनं तोंड उघडलं. तिच्याकडं तीन भाषा होत्या, आणि ती एकेक चाचपून बघत होती...

“सांग की, मम्मी,” शिवन्या म्हणाली. “काय म्हणू?”