मॅरिटच्या अकरा नोंदी

एव्हरेट हॉगन अमेरिकेतल्या डलुथ शहराच्या एका छोट्या मासिकाच्या वेबसाइटवर फोनबद्दल लिहायचा. २००८च्या नोव्हेंबरात त्याच्याकडे एक सोपं काम आलं. आपण निवडलेल्या ब्लॉगांवरचं नवं लिखाण एका जागी गोळा करून देणारी एक वेबसाइट होती. मोबाइलवर ती दोन रूपांत उघडायची: बटणांच्या फोनसाठी साधी, टचस्क्रीनसाठी नवी. त्यातलं कुठलं रूप बरं, एवढंच त्याला लिहायचं होतं.

दुपारी कॉफीच्या दुकानात त्याने दोन्ही फोन शेजारी ठेवले. खातं एकच, तेव्हा यादीही एकच हवी. टचस्क्रीनवर सदतीस ब्लॉग होते. बटणांच्या फोनवर अडतीस.

जास्तीचा ब्लॉग मॅरिटचा होता. न वाचलेल्या नोंदी, अकरा.

मॅरिट त्याची धाकटी बहीण. दीड तासावर, सरोवराकाठी राहायची. पक्षी, बर्फ, स्वयंपाक, काहीबाही लिहायची. एव्हरेट रोज सकाळी ‘सगळं वाचलं’ हे बटण दाबून मोकळा व्हायचा. तिने फोनवर विचारलंच, तर “छान लिहितेस गं” म्हणायचा. दोन वर्षांपूर्वी, मार्चमध्ये ती गेली.

त्याने मेहुण्याला फोन लावला.

“ग्लेन, मॅरिटचा ब्लॉग परत सुरू केलास का रे?”

“छे! तो मी तेव्हाच काढून टाकला. का?”

“जुनं काहीतरी दिसतंय इथं.”

“आत्ता सवड झाली होय तुला?” ग्लेन म्हणाला. मग आवाज उतरला. “वाच बाबा. बिचारी वाट बघायची, दादा काय म्हणतो म्हणून.”

साध्या रूपात एका वेळी एकच नोंद दिसायची. त्याने पहिली उघडली. तारीख चालू आठवड्यातली.

‘काठाला पातळ बर्फ धरलाय. बदकं अजून हलली नाहीत.’

टचस्क्रीनवर त्याने तोच पत्ता टाकला. असा ब्लॉगच नव्हता.

लेख त्याने देऊन टाकला. नवं रूप बरं, असं लिहिलं. नोंदी मात्र तो रोज एकच वाचू लागला, संपू नयेत म्हणून. शब्द न् शब्द, दोन-दोनदा. उत्तर लिहायला तिथं जागाच नव्हती. असती, तर काय लिहिलं असतं, ते त्याला चांगलं ठाऊक होतं.

सातवी नोंद : ‘माडीवरची खोली झाडून घेतली.’

नववी : ‘जाड रजई उन्हात टाकली. त्याला थंडी सोसत नाही.’

दहावी : ‘मटाराचं सूप करून ठेवते.’

ती वाचून झाल्यावर त्याने ‘पुढची नोंद’ हे बटण दाबलं.

अकरावी नोंद अजून पूर्ण उघडली नव्हती. पडद्यावर फक्त तारीख आणि शीर्षक होतं.

तारीख येत्या शनिवारची.

शीर्षक : ‘एव्हरेट आला.’