हिरव्या काठाचं जुनेर

विपुल त्या रात्री फक्त जुनेर आणायला निघाला होता. काम एवढंसंच.

हसू नकोस, चिंटू. जुनेर म्हणजे काय ते तुला माहीत नाही, आणि त्यात तुझा दोष नाही. तुमच्या घरात कापड जुनं व्हायच्या आधीच फाटतं. धुऊन धुऊन मऊ पडलेलं सुती कापड म्हणजे जुनेर. आजीचं लुगडं, आजोबांचं धोतर. आपल्यात तान्ह्या बाळाला पहिले काही दिवस नवं कापड घालत नाहीत, जुनेराचं झबलं घालतात. तेही वय झालेल्या, धडधाकट माणसाच्या अंगावरचं. त्याचं आयुष्य बाळाला लागतं म्हणतात. गेलेल्या माणसाचं मात्र चुकूनही घालायचं नाही. मेधा, तो दिवा मालव. किडे येतात.

तर हा विपुल म्हणजे माझ्या मावसभावाचा मुलगा. इथे देवासलाच राहतो, नोकरी पीथमपूरला. सरळ पोरगा, थापा मारायची अक्कल नाही, म्हणून तर त्याचं मी खरं मानतो. त्याची बायको शिवानी धारची. त्यांचं पहिलं बाळ आठ दिवसांत गेलं. काही नाही, एके सकाळी दूध सोडलं आणि मग मान टाकली. दुसऱ्या वेळी शिवानीच्या आईने, वासंतीबाईंनी, लेकीला धारलाच नेलं. म्हणाल्या, या खेपेला सगळं रीतीप्रमाणे करू.

मुलगी झाली. दोन हजार चोवीस साल, देवउठनी ग्यारसेचा, म्हणजे कार्तिकी एकादशीचा, आदला दिवस. दिसायला गोड, पण नाजूक. आणि अंगावर काय घातलं? इंदूरच्या मॉलमधून आणलेला सेट. पुडक्यावर ठळक छापलेलं, शुद्ध सुती. ससे काय, ढग काय, विचारू नका. ग्यारसेच्या दुपारी मुलीच्या गळ्याशी लाल चट्टे उठले, संध्याकाळी पाठभर पसरले. डॉक्टरांनी मलम दिलं. पोर रडून रडून निळी पडायची आणि छातीशी धरली की तोंड फिरवायची.

दूध सोडलं होतं तिने. शिवानी नुसती विपुलकडे बघत होती.

वासंतीबाई घरी जाऊन कपाट उपसून आल्या. सगळं टेरीकॉट, नायलॉन, जॉर्जेट. धुवायला सोपं, इस्त्री नको, म्हणून वीस वर्षं हेच नेसत आल्या होत्या. दवाखान्याच्या बाकावर बसून त्यांनी डोळ्यांना पदर लावला. "विपुलराव, कपाट भरून साड्या आहेत, आणि नातीला गुंडाळायला एक चिंधी नाही हो. रत्नाकरच्या दुकानात बघा. जुन्या मालात सुती काही निघालं तर निघालं."

हा रत्नाकर त्यांचा चुलतभाऊ. सबनीस स्टोअर्सचा मालक. धारला ते दुकान म्हणजे एके काळी काय होतं, तुम्हाला कल्पना नाही. तीन मजले. खाली धोतरं, लुगडी, चादरी. मधल्या मजल्यावर शर्टिंग-सूटिंग. आणि सगळ्यात वर लहान मुलांचं. अमझेऱ्याहून बैलगाडीने लोक यायचे, लग्नाचा बस्ता बांधायचा तर इथेच. नोकर माणूस कापड दाखवायच्या आधी उलटं करायचा, की बघा साहेब, आतून कसं आहे. आता खालचा मजला मोबाईलवाल्याला भाड्याने दिलाय. मधल्यावर ढीग लावलेत, कोणताही पीस उचला. एका धुण्यात कॉलर वाकडी, दुसऱ्यात रंग बादलीत. रत्नाकरला बोललं तर म्हणतो, "अरे भिया, लोगांनाच असं पाहिजे. टिकाऊ कोण घेतो?" खोटं नाही बोलत तो. पण लाज वाटते ऐकायला.

विपुल पोचला तेव्हा साडेआठ वाजून गेले होते. ग्यारसेपासून लग्नं सुरू होतात, रस्त्यावर बँड, घोडी, दिव्यांच्या माळा. विपुलच्या खिशात ते सशांचं झबलं होतं, माप दाखवायला घेतलेलं. रत्नाकर दुकान आवरत होता. "जावईबापू, मधल्या मजल्यावर कोपऱ्यात जुना माल पडलाय. शोधा आरामात. मी खाली शटरपाशी आहे."

त्याने शोधलं. गठ्ठ्यांमागून गठ्ठे सोडले. सगळं सुळसुळीत. बोटांना चिकटणारं. जुनं होतं तेही तसंच, दहा वर्षांपूर्वीचं तसलंच. शेवटी तो जमिनीवर बसला आणि त्याला वाटलं, आता दवाखान्यात रिकाम्या हाताने कसं जायचं.

तेव्हा वरून आवाज आला.

चर्र.

सुती कापड फाडल्याचा. तो आवाज टेरीकॉटचा होत नाही, पोरांनो. विपुल म्हणतो, आपल्या आजीनंतर मी तो ऐकलाच नव्हता.

तो जिना चढला. वरचं दार उघडं होतं. आत दिवा नव्हता, पण रस्त्यावरच्या वरातीचा उजेड खिडकीतून येत-जात होता. लांब लाकडी काउंटर. त्यामागे एक म्हाताऱ्या बाई, अंगावर फिकी महेश्वरी, हिरव्या काठाची. बसल्या होत्या... की उभ्या होत्या, त्याला सांगता येत नाही.

"बाई, तान्ह्या मुलीसाठी जुनेर मिळेल का?"

त्यांनी हात पुढे केला. काय हवंय ते त्याला कळलं. त्याने खिशातलं झबलं दिलं. बाईंनी ते उलटं केलं, दोन बोटांत चोळलं. बराच वेळ चोळलं.

"हे घातलंस तिला?"

"पुडक्यावर सुती लिहिलं होतं."

"किती भरली?"

"सव्वादोन किलो."

बँड लांब गेला. खोलीत काळोख झाला. काळोखातून बाई म्हणाल्या, "आणि आधीच्या बाळाला?"

विपुलने सांगितलंच नव्हतं आधीच्या बाळाचं.

"त्यालाही असलंच घातलं होतंस ना..."

घातलं होतं. तसलंच. त्याच मॉलमधलं.

चर्र.

आता आवाज अगदी जवळून. त्याच्या हातात काहीतरी आलं. मऊ. ऊबदार. अंगावरून आत्ताच उतरवल्यासारखं.

"धुऊ नकोस," बाई म्हणाल्या. "धुतलंय पुष्कळ."

"किती द्यायचे?"



वरातीचा उजेड परत आला. काउंटरमागे कोणी नव्हतं.

जिना तो कसा उतरला त्याला आठवत नाही. खाली रत्नाकर कुलूप हातात घेऊन उभा होता. विपुलच्या मुठीतलं कापड त्याने बघितलं आणि हातातलं कुलूप खाली पडलं. त्याने काठ उलगडला. हिरवा. बारीक वेलाचा.

"कुठून आणलंस?"

"वरच्या बाईंनी दिलं."

"वर कोणी नाही रे. सावित्रीबाई होत्या. लहान मुलांचा काउंटर त्याच बघायच्या, माझ्या वडिलांच्या, आबांच्या काळापासून. सेट विकला की सोबत जुनेराचा तुकडा फुकट द्यायच्या, स्वतः उकळून, वाळवून. मी बंद करायला लावलं. म्हटलं, आता पॅकेटबंद माल विकायचा, चिंध्या वाटायच्या नाहीत." त्याने काठावरून बोट फिरवलं. "चार वर्षं झाली. वर काउंटरवरच गेल्या. पुढेमागे कोणी नव्हतं, सगळं मीच केलं. ही साडी... ही मी स्वतः त्यांच्यावर घातली होती. चितेवर."

विपुल पळत सुटला. डोक्यात एकच. गेलेल्या माणसाचं कापड. आपण हे पोरीच्या अंगाला लावायला निघालो होतो. एक बाळ तर गेलंच आहे. तलावाच्या पाळीवर थांबला, कापडात दगड बांधला, आणि जीव खाऊन लांब फेकलं ते. बुडालेलं पाहिलं. मग रिकाम्या हाताने दवाखान्यात शिरला.

खोलीत शांत होतं. फार शांत.

त्याला दार ढकलायचं धैर्य होईना. एकदा असंच शांत झालं होतं, ते त्याला माहीत होतं.

वासंतीबाईंनी आतून दार उघडलं. तोंडावर बोट. "झोपली. पोटभर प्यायली आणि झोपली. बरं झालं विपुलराव, झबलं शिवूनच पाठवलंत."

"मी कुठे..."

"त्या बाईंबरोबर. दुकानातल्याच असणार, पदर पार तोंडावर ओढलेला होता. आत्ताच गेल्या. काही बोलल्या नाहीत, स्वतःच्या हाताने घालून गेल्या. पाय अनवाणी होते हो, एवढ्या थंडीत."

पाळण्यात मुलगी होती. अंगावर फिकं झबलं. शिवणी बाहेरून, आत काही टोचू नये म्हणून. गळ्याशी हिरवा काठ.

काठ कोरडा होता.

विपुल ते काढायला वाकला. खरंच वाकला. मुलीने झोपेत काठ मुठीत धरला होता. त्याने बोटं सोडवायचा प्रयत्न केला आणि तिने डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं... आणि त्याचा हात मागे आला. बाप आहे तो. काय करणार होता? भिऊन काढलं आणि पोर पुन्हा रडायला लागली तर? घालून ठेवलं आणि काही झालं तर? रात्रभर तो पाळण्याशी बसला. सकाळी चट्टे नव्हते.

आता तुम्ही म्हणाल, बापू, छान झालं की, गोष्ट संपली.

मलाही तसंच वाटलं होतं.

मुलीचं नाव किमया. आता सव्वा वर्षाची आहे, चालते, भिंती धरून. बारशाला आलेले फ्रॉक, वाढदिवसाचे फ्रॉक, सगळ्यांची पोतेरी झाली. ते झबलं तसंच आहे. आणि मेधा, तुझ्या भाचीचं तान्हेपणीचं झबलं काढ आणि आता घालून बघ तिला. डोक्यातूनसुद्धा जाणार नाही. किमयाला ते होतं. अजून होतं. विपुल मला हे सांगताना हसला नाही.

मागच्या रविवारी मी गेलो होतो त्यांच्याकडे. दोरीवर वाळत होतं. मी हात लावून पाहिलं, लोण्यासारखं. उलटं केलं. बाजूची शिवण उसवून, थोडी बाहेर घेऊन, नवी टीप घालत आणली होती, अर्ध्यापर्यंत. पुढे सुई टोचून ठेवलेली. दोरा ओवलेला.

मी शिवानीला हाक मारली. म्हटलं, बाई गं, पोरीच्या कपड्यात सुई विसरलीस.

ती आली. पाहिलं. तिचा चेहरा उतरला.

त्या घरात कोणाला शिवता येत नाही, पोरांनो. फाटलं की टाकतात. त्या घरात सुईच नाही.