दिव्याच्या बुरुजातला कोनाडा

ज्याला खोटं वाटेल त्याने खुशाल हसावं. मी तिथे होतो. मला अजून हसू येत नाही.

साल १९९१. भिवंडीतलं कामतघरचं तळं. दिवेलागणीची वेळ.

तेव्हा तळ्यात एक दगडी धक्का शिरलेला होता आणि टोकाला दिव्याचा बुरूज. काळा दगड, चुन्यात बांधलेला. अंधारात होड्या धक्क्याच्या खडकांवर आपटू नयेत म्हणून वर काचेत कंदील. खाली भिंतीत कोनाडे, एका होडीला एक. मासे धरायला जाणारा चपला कोनाड्यात काढून ठेवायचा, परतला की घालून घरी जायचा. सगळे कोनाडे रिकामे झाले की बुरूज सांभाळणारे जब्बारचाचा कंदील विझवायचे.

१९८४ साली माझ्या काशी मावशीचे यजमान, लडकूकाका, असेच पाण्यावर होते. त्यांच्या चपलांचे सोल झिजले होते. ते यायच्या आत नवे मारून आणू म्हणून मावशी चपला मोच्याकडे घेऊन गेली. मायेपोटीच.

चाचांनी कोनाडे पाहिले. सगळे रिकामे...

कंदील विझला.

होडीच्या फळ्या सापडल्या. काका सापडले नाहीत.

मावशीने नव्या सोलच्या चपला कोनाड्यात नेऊन ठेवल्या आणि पुन्हा तिकडे फिरकली नाही. तळ्याकाठचं घर विकलं, तिथे कापड विणणाऱ्या लूमची शेड उभी राहिली. मावशी नारपोलीच्या चाळीत आली.

बुरूज पाडणार असं कळलं, तेव्हा म्हणाली, "महादू, चल. त्यांच्या चपला आनू."

आम्ही धक्क्यावर पोचलो आणि लाइट गेली. सगळ्या लूम एकदम बंद. भिवंडीच्या माणसाला तसल्या शांततेची सवय नसते.

मग मागून आवाज आला... फच्... फच्... ओल्या चपलांचा.

वळून पाहिलं. कुणीच नाही.

बुरुजाच्या दारात उभ्या असलेल्या चाचांनी मला बाजूला ओढलं. "हट जा बेटा. वाट दे त्याला."

आवाज आमच्या अंगावरून बुरुजात गेला... थांबला.

कोनाड्यात चपला होत्या. पाणी ठिबकत होतं. मावशीने त्या उलट्या केल्या. सोल पार झिजलेले.

"मीच नवे मारून आणतो, दर पावसाळ्यानंतर," चाचा खाली बघत म्हणाले. "लडकू रोज तुझ्या जुन्या घरापर्यंत जातो, काशी. शेडला फेरी मारतो, परत येतो. कंदील मी विझवला. अजून काय करू?"

मावशी कोसळेल असं वाटलं. तिने चपला खाली मांडल्या, गावाकडे तोंड करून.

"तुमाला कोनी सांगितलाच न्हाय, मी कुठं रेते ते," ती म्हणाली. "चला."

ती पुढे निघाली. मी मागे. चपला धक्क्यावर राहिल्या नव्हत्या.

वाटभर ती हळू बोलत होती. "हितून वळाचा. फुडं गटार हाय, जपून."

खोलीत तिने मेणबत्ती लावली, दोन ताटं वाढली आणि मला म्हणाली, "तू घरी जा."

मी दाराबाहेर आलो. आतून तिचा आवाज आला.

"चपला मीच नेल्या व्हत्या."

मी दाराशीच थांबलो.

तेवढ्यात लाइट आली. नारपोलीच्या साऱ्या लूम एकदम धडधडू लागल्या. आतून उत्तर आलं असलं तरी मला ऐकू आलं नाही.

मावशी आता नाही. तिने कधी सांगितलं नाही आणि विचारायचा मला धीर झाला नाही.