राजमातेचं बाळंतपण

पहिला गुद्दा पेइ-शानने मारला. तो शेजारच्या आ-खुनच्या नाकावर बसला. दुसरा आ-खुनने मारला, तो तिच्या कानशिलावर. तिसरा कोणाचा, यावर अजून वाद आहे. पण तोवर दोघंही मामाच्या स्कूटर दुरुस्तीच्या दुकानामागे, काळ्या तेलाच्या डबक्यात एकमेकांना घुसळत होती.

"बोल! काय पाजलंस माझ्या सरडीला?"

"मी? अगं, केस सोड आधी! आई गं!"

"तूच म्हणालास ना, तळून खाईन म्हणून!"

"तळून म्हणालो! पाजायचं कुठे म्हणालो?"

पेइ-शानचा धाकटा भाऊ ग्वान-तिंग उलट्या बादलीवर बसून वहीत नोंदी करत होता. दहा वर्षांचा हा प्राणी वहीशिवाय जेवायलाही बसत नसे. "ताई सहा, आ-खुन चार," तो म्हणाला. "चावा धरायचा का?"

"धर!" आ-खुन दंड चोळत किंचाळला.

उन्हाळ्याच्या सुट्टीत ही भावंडं तैवानातल्या शिन्चूहून ताइनानला आ-माकडे, म्हणजे आजीकडे आली होती. सोबत होता जाळीचा उंच पिंजरा, आणि पिंजऱ्यात होती राजमाता. डोक्यावर तुरा असलेली, रंग बदलणारी हिरवी सरडी. कुणी नुसतं बघितलं तरी ती गळा फुगवून फुत्कारायची आणि बोट जवळ आलं तर कडकडून चावायची. ती फक्त पेइ-शानच्या हातावर गप्प बसे. आठ महिने रोज किडे भरवल्यावर कुठे तेवढी ओळख पटली होती!

आल्यानंतर पाचव्या दिवशी राजमातेने कुंडीतल्या वाळूत बीळ खणून एकतीस अंडी घातली. अख्खी गल्ली बघायला लोटली. मग मात्र तिचं बिनसलं. डोळे खोल गेले, पोट दगडासारखं झालं, शी बंद. प्राण्यांचे डॉक्टर ल्यांग आज सकाळीच फोनवर म्हणाले होते, "अंडी घातल्यावर अंगातलं पाणी संपतं. पानांवर पाणी फवार, थेंब चाटू दे. आज संध्याकाळपर्यंत पोट साफ झालं नाही, तर लगेच घेऊन ये. उद्यावर टाकू नकोस!"

पेइ-शान रोज सकाळी फवारत होती. पण दुपारनंतर पानं पुसल्यासारखी कोरडी! फवाऱ्याची बाटली दोनदा गायब झाली. आणि आज एका पानावर तिला तपकिरी, तेलकट थेंब सापडला. मग काय, तिने मुठी वळल्या आणि थेट आ-खुनला गाठलं.

"ताई, एक अडचण आहे," ग्वान-तिंग पानं उलटत म्हणाला. "जे काही होतं ते साडेबारा ते दीडमध्ये होतं. सगळे दुपारी झोपतात तेव्हा."

"तेव्हा मी देवळात ढोल बडवतो!" आ-खुन नाकातलं रक्त पुसत ओरडला. "मिरवणुकीतल्या लाठीवाल्यांचा सराव असतो. अख्खी गल्ली शिव्या घालते मला!"

खरंच की! त्या ढोलापायी पेइ-शानला रोज उशी कानावर दाबावी लागत होती. तिने मान खाली घातली. "मग... तूही दोन मार. हिशोब फिटेल."

"राहू दे. त्यापेक्षा चोराला धरून बडवू. आज ढोलाला सुट्टी."

साडेबाराला तिघं मागच्या गॅलरीत कपडे धुण्याच्या यंत्रामागे दडली. आ-खुनच्या हातात सरावाची लाठी, ग्वान-तिंगकडे झाडू, पेइ-शानच्या खांद्यावर गोधडी. पिंजऱ्यात राजमाता डोळे मिटून काळपट पडली होती. दिवसा डोळे मिटलेला सरडा म्हणजे काय, हे पेइ-शानला पुरेपूर ठाऊक होतं.

दार करकरलं. पाऊल वाजलं. पिंजऱ्याची कडी निघाली.

"आत्ता!"

गोधडी पडली, लाठी पडली, झाडू पडला! गोधडीखालचा माणूस रेड्यासारखा हंबरला. त्याने एक लाथ झाडली तसा आ-खुन भिंतीवर आपटला. एक पंजा बाहेर आला आणि त्याने ग्वान-तिंगची मानगूट पकडली. पेइ-शान त्या पंज्याला चावली. गोधडी फाटली आणि आतून निघाला लालबुंद झालेला मामा!

"कार्ट्यांनो!" त्याने हाताला लागलं ते, म्हणजे हेल्मेट, फेकून मारलं. ते पेइ-शानच्या कानाजवळून सणसणत गेलं आणि कोपऱ्यातल्या रिकाम्या कुंडीच्या ठिकऱ्या उडाल्या. थोडं डावीकडे असतं तर डोक्याच्याच उडाल्या असत्या. मामाही क्षणभर पांढरा पडला.

जमिनीवर एक वाटी फुटली होती. आल्याचा, काळ्या तिळाच्या तेलाचा आणि तांदळाच्या दारूचा वास भपकन पसरला.

"मामा, हे तू पाजतोस तिला? दारू?"

"मी कशाला पाजू? आ-माने ड्रॉपर दिला, मी घातलं! नाही म्हटलं तर ती मला सोलेल!"

तेवढ्यात आ-मा आलीच. हातात कोंबडी तोडायचा सुरा, त्यावर रक्त तसंच.

"बाळंतीण आहे ती!" आ-मा कडाडली. "एकतीस पोरं झालीत तिला! तेल-दारूतली कोंबडी नको द्यायला? आणि तू, सटवे, सकाळी सकाळी तिच्या अंगावर गार पाणी मारतेस? तुझ्या आईला मी महिनाभर पाण्याला बोट लावू दिलं नव्हतं! पानं पुसून पुसून माझे हात दुखायला लागले!"

"आ-मा, ती मरतेय! डॉक्टरकडे न्यायला हवं!"

"ओल्या बाळंतिणीला वाऱ्यात न्यायचं? माझ्या घरातून?" सुरा पिंजऱ्याच्या चौकटीवर खच्चकन रुतला. "हात लावून तर बघा!"

आ-खुनने लाठी उचलली. मामाने त्याचा कान पिळला. ग्वान-तिंग झाडू घेऊन मामाच्या नडगीवर तुटून पडला. पेइ-शानचीही मूठ वळली होती. पण जाळीआड राजमातेचा पाय फांदीवरून सुटला, आणि पेइ-शानने मूठ उघडली.

"थांबा सगळे! आ-मा, तुझंच खरं. बाळंतीण आहे ती."

"आता कसं!"

"मग बाळंतिणीची बाई बोलावूया ना. आ-खुन, पळ! तुझ्या आईला आण!"

आ-खुनची आई बारा वर्षं घरोघरी बाळंतिणींचा महिना सांभाळत होती. उभ्या गल्लीत तिच्यापुढे तोंड उघडायची कुणाची छाती नव्हती. ती आली, पोराचं सुजलेलं नाक बघून आधी त्याला एक चापट दिली, मग पिंजऱ्यात वाकली.

"आजी, बाळंतिणीचं पोट कधी साफ झालं?"

आ-मा गडबडली. "ते... ते काही मी विचारलं नाही बाई."

"मी पहिलं तेच विचारते."

ग्वान-तिंगने वही उघडून पुढे धरली. "सहा दिवस झाले. एकदाही नाही."

"सहा दिवस! आणि वरून तेल-दारू? माझ्या हाताखालच्या पोरीने असं केलं असतं तर मी तिला दाराबाहेर काढलं असतं! आंघोळही घालतो आम्ही, उकळून कोमट केलेल्या पाण्याने. डॉक्टरकडे न्या. आत्ता!"

आ-माने चौकटीतून सुरा उपसला आणि पदराआड लपवावा तसा पाठीमागे धरला. मग मामावर खेकसली, "उभा काय राहिलास, ठोंब्या? स्कूटर काढ!"

डॉक्टर ल्यांगनी एक्स-रे काढला. "अंडं अडकलेलं नाही, नशीब! पण आतडं कोरडं ठणठणीत आहे. उद्या आणली असती तर मी काही करू शकलो नसतो." त्यांनी सिरिंजने थेंब थेंब पाणी पाजलं, कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं. सुई टोचताच राजमातेने धरून ठेवणाऱ्या मामाच्या अंगठ्याचा असा लचका घेतला की मामाने दवाखाना डोक्यावर घेतला.

"चावली! चावली!" पेइ-शान रडत रडत नाचायलाच लागली.

दोन दिवस आ-माने स्वतः पाणी उकळून कोमट केलं, आणि पेइ-शानने पानांवर फवारलं. तिसऱ्या दुपारी राजमाता फांदीच्या टोकाशी आली, शेपूट उचललं आणि इतक्या दिवसांची सगळी थकबाकी एकदम खाली सोडली. खाली मामा पिंजऱ्याची चौकट दुरुस्त करत होता.

ग्वान-तिंगने शांतपणे वहीत बरोबरची खूण केली.

महिना भरला तसं आ-माने रिवाजाप्रमाणे कोंबडीची अंडी लाल रंगवून गल्लीभर वाटली. "माझ्या म्हाताऱ्या डोक्याला जे सुचलं नाही, ते या तीन कार्ट्यांनी निस्तरलं," ती घरोघरी सांगत होती. "एकाने लिहून ठेवलं, एकाने मार खाल्ला, आणि हिने ऐन वेळी मूठ उघडली. ते सगळ्यांत अवघड!"

आ-खुनला दोन अंडी मिळाली. एक रिवाजाचं, एक नाकाचं. नाकाचं अंडं त्याने हातात तोललं, पेइ-शानकडे बघितलं आणि तिच्या कपाळावर टचकन फोडलं.

"ताई सात, आ-खुन पाच," ग्वान-तिंग म्हणाला आणि वही पोटाशी धरून पळत सुटला.